पऱ्हाटी, कुटार आणि धिंगरी : वऱ्हाडातल्या ‘टाकाऊ’चा इतिहास



आजच्या विषयाची सूचना वाचून पुष्कळांना वाटलं असेल की आयोजकांची काहीतरी चूक झाली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक अळिंबीवर काय बोलणार? एका जुन्या विद्यार्थ्यानं तर फोन करून विचारलं, “सर, तुम्ही आता बियाणं विकायला लागले का?” मी त्याला म्हटलं, बाबा, विकत काही नाही, पण एक प्रश्न डोक्यात घुसून बसलाय. तो प्रश्न असा : एखादी वस्तू ‘टाकाऊ’ आहे हे ठरवतं कोण? ती वस्तू? तिचा मालक? की काळ?

ज्ञानशास्त्राच्या वर्गात असा प्रश्न मी हवेत विचारत असे. आज तो वऱ्हाडाच्या जमिनीवर विचारायचा आहे. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत दरवर्षी शेतात जे उरतं, म्हणजे कपाशीची पऱ्हाटी, सोयाबीनचं कुटार, गव्हांडा, तुराट्या, त्याचं काय झालं, काय होतं आणि काय होऊ शकतं, याचा हा इतिहास आहे. धिंगरी अळिंबी ही त्या इतिहासातली अलीकडची पाहुणी. तिच्या निमित्तानं मागचं सगळं घर पाहून घेऊ.

माझं लहानपण अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. आमच्या घरामागं पऱ्हाट्यांची गंजी असे. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची, वाळवायची, मोळ्या बांधून घरी आणायची. वर्षभराची चूल तिच्यावर. पावसाळ्याच्या आधी गंजी नीट झाकली नाही तर आईचा जीव वरखाली होई, कारण ओली पऱ्हाटी पेटत नाही, नुसता धूर करते. गोठ्याचा कुड पऱ्हाट्यांचा, वर शेणमातीचा लेप. तुराट्यांच्या डाली आणि टोपल्या. ज्वारीचा कडबा बैलांना. गव्हांडा आणि तुरीचं कुटार गुरांना. धसकटं वेचून आणायला शेतमजुरांच्या बायका येत, त्यांच्याही चुली त्यावर. कडब्यातलं बैलांनी न खाल्लेलं उकिरड्यावर, उकिरडा उन्हाळ्यात शेतात.

त्या घरात ‘कचरा’ हा शब्द मला आठवत नाही. केर होता, पण तोही उकिरड्यावरच जायचा. म्हणजे ज्याला आज आपण ‘शेतीतले टाकाऊ पदार्थ’ म्हणतो, तो प्रकार साठ वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हता. वस्तू तीच होती. पऱ्हाटी तेव्हाही पऱ्हाटीच होती. मग ती टाकाऊ झाली कधी?

हे समजायला थोडं आणखी मागं जावं लागेल.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कारण कर्ज आणि फौजेचा खर्च, पण इंग्रजांचा डोळा इथल्या काळ्या जमिनीवर होता, आणि काळी जमीन म्हणजे कापूस. पुढं १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. पाठोपाठ खामगाव आणि अमरावती या कापसाच्या पेठांना फाटे जोडले गेले. सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने आले. घरातला रेचा बंद पडला.

आता या सगळ्या उलाढालीत काय हललं आणि काय जागेवर राहिलं ते बघा. रुई गेली मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला. सरकी पूर्वी शेतकऱ्याच्या घरीच राहायची, ती आता कारखान्यात निघू लागली. राहिली फक्त पऱ्हाटी. तिला कोणी भाव दिला नाही, तिच्यासाठी कोणी रेल्वे टाकली नाही. एका एकरातून साधारण टनभर पऱ्हाटी निघते, आणि ती पूर्णपणे शेतकऱ्याची. वऱ्हाडच्या कापसाचे भाव, गाठी, निर्यात यांच्या नोंदी कागदोपत्री भरपूर सापडतात. पऱ्हाटीचा इतिहास मात्र आमच्या आयांच्या चुलीत जळून गेला.

तरीसुद्धा एका माणसानं, खरं म्हणजे दोघांनी, तिच्याकडे लक्ष दिलं. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. कापसाच्या प्रत्येक गाठीवर थोडासा कर बसवायचा आणि त्या पैशातून कापसाचं संशोधन करायचं, अशी योजना. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या कापसाच्या गाठींवरचाही पैसा त्यात गेला, हे लक्षात ठेवा. या समितीच्या पैशातून १९२४ साली दोन ठिकाणी काम उभं राहिलं. एक मुंबईत माटुंग्याला, कापसाच्या धाग्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा. दुसरी इंदूरची वनस्पती-उद्योग संस्था, जिला संस्थानिकांचाही हातभार होता. इंदूरच्या संस्थेचे प्रमुख होते आल्बर्ट हॉवर्ड, आणि त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांचं मिळून १९३१ साली एक पुस्तक निघालं. विषय : शेतीतले टाकाऊ पदार्थ आणि त्यांचं खत. ‘इंदूर पद्धतीचं कंपोस्ट’ म्हणून जे जगभर गेलं, ते हेच. हॉवर्डचं नाव आज सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक पुस्तकात आहे. वाडांचं नाव आपल्या लोकांनाही ठाऊक नाही.

त्यांच्यापुढची अडचण अगदी आपलीच होती. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या इतक्या कडक, की त्या कुजत नाहीत. यंत्रानं बारीक करायच्या तर खर्च. मग त्यांनी काय केलं? त्या शेताच्या रस्त्यावर अंथरून ठेवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जात. मग त्या उचलायच्या, शेण, मूत, माती, राख यांच्याबरोबर थर द्यायचे, आणि वेळोवेळी उलथायच्या. ही युक्ती वाचून मला खरोखर आनंद झाला. ज्या गाड्या त्या रस्त्यानं एरवीही जाणारच होत्या, त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं. ‘कमी खर्चाचं तंत्र’ म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या ढिगात पऱ्हाटी कुजवण्याचा पहिला मोठा वाटा बुरशीचा होता. हॉवर्डचं बुरशीकडं बारीक लक्ष असे, सुरुवातीला त्यानं बुरशीशास्त्रज्ञ म्हणूनच काम केलेलं. पण त्याला खत हवं होतं. त्या बुरशीतून माणसाचं जेवण काढावं, हा त्याच्या कामाचा विषय नव्हता.

इथं आपण थोडं वळण घेऊ आणि अळिंबीच्या बाजूनं येऊ.

आपल्या परंपरेत हिचं स्थान मोठं विचित्र आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या जोडीला ‘कवक’ आणि ‘छत्राक’ ही द्विजांना वर्ज्य सांगितली आहेत. उलट कालिदासाच्या मेघदूतात मेघाची गर्जना ऐकून शिलींध्रं जमिनीतून वर येतात, आणि ते भूमी फळणार असल्याचं सुचिन्ह आहे. म्हणजे एकीकडं अशुद्ध, दुसरीकडं शुभ. मेळघाटातले कोरकू असोत की पूर्वेकडच्या झाडीपट्टीतले गोंड असोत, त्यांनी या वादात न पडता पावसाळ्यात ओळखीची तेवढी रानातली अळिंबी आणली आणि खाल्ली. तिकडं वारुळावर येणाऱ्या सात्यांची लोक वाट पाहत असतात. ज्यांच्यासाठी निषेध लिहिला गेला नव्हता त्यांनी ज्ञान राखलं, आणि ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांनी ते गमावलं. आमच्या गावात तर प्रत्येक अळिंबीला एकच नाव होतं, ‘कुत्र्याची छत्री’. जाता जाता सांगतो, रानातली अनोळखी छत्री कोणीही खाऊ नये. त्यातल्या काही जीवघेण्या असतात, आणि त्या घरच्या घरी ओळखण्याची कोणतीही सोपी युक्ती नाही. चांदीचा रुपया काळा पडतो वगैरे सगळं खोटं.

बरं, ही आहे तरी काय? थिओफ्रास्टस, ॲरिस्टॉटलचा शिष्य, त्यानंही गोंधळून लिहून ठेवलं की हिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही, फूल नाही. तरीही दोन हजारांहून अधिक वर्षं तिची गणना वनस्पतींतच होत राहिली. १९६९ साली व्हिटेकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं सजीवांची पाच राज्यं मांडली आणि त्यात बुरशीला स्वतंत्र राज्य दिलं. ती सूर्यावर जगत नाही, म्हणून झाड नाही. ती गिळत नाही, म्हणून प्राणी नाही. ती आपल्या अन्नातच राहते, बाहेरच ते पचवते आणि मग शोषून घेते. गंमत अशी की त्याच १९६९ साली, २० ऑक्टोबरला, अकोल्याला कृषी विद्यापीठ सुरू झालं. त्याला नाव दिलं डॉ. पंजाबराव देशमुखांचं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे भाऊसाहेब, पुढं देशाचे कृषिमंत्री झाले, पण त्यांची डॉक्टरेट होती वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर. तेव्हा तत्त्वज्ञानाच्या माणसानं शेतीवर बोलू नये असं कोणी म्हणालं, तर मी भाऊसाहेबांकडे बोट दाखवतो.

आता अळिंबीची लागवड. याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातूनच ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ उलगडतो.

युरोपात पॅरिसच्या आसपास सतराव्या शतकात खरबुजाच्या वाफ्यांवर, घोड्याच्या लिदीत, पांढरी बटण अळिंबी येताना माळ्यांना दिसली. १७०७ साली तुर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिच्या लागवडीची रीत लिहून ठेवली. पुढं ती दगडाच्या जुन्या खाणींमध्ये गेली, कारण तिथं बारा महिने थंडावा. लीद फुकट, खाण फुकट. म्हणजे जगातली पहिली मोठी अळिंबीशेती शहरातल्या घोड्यांनी टाकलेल्या वस्तूवर उभी राहिली. १८९४ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तिचं शुद्ध बियाणं तयार झालं, आणि १९३२ साली अमेरिकेत सिंडेन यानं धान्याच्या दाण्यांवर बियाणं वाढवण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. आज आपल्याकडं हे बियाणं, ज्याला सगळे स्पॉन म्हणतात, ते बहुतेक गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर करतात. दाणे अर्धवट शिजवायचे, निर्जंतुक करायचे आणि त्यावर बुरशी सोडायची. वऱ्हाडातली ज्वारी ताटातून कमी झाली, पण अशी मागच्या दारानं परत आली.

धिंगरीची कथा वेगळी. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नाची टंचाई होती. १९१७ साली रिचर्ड फाल्क यानं जंगलातल्या तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर ही वाढवली. म्हणजे बटण अळिंबी बागेतून आली, धिंगरी उपासमारीतून. आपल्याकडं १९४० च्या दशकात कोइमतूरला भाताच्या पेंढ्यावर वेगळ्या जातीची अळिंबी वाढवण्याचे प्रयोग झाले. १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवून दाखवली. हिमाचलात सोलनला १९६१ पासून बटण अळिंबीचं काम सुरू झालं होतं, १९८३ साली तिथं अळिंबीसाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं.

सोलन आणि म्हैसूर, या दोन वाटा ओळखून घ्या. सोलनच्या बटण अळिंबीला पंधरा-सोळा अंशांचा थंडावा हवा आणि रीतसर कुजवलेलं कंपोस्ट हवं. थंड डोंगरात ते जमतं, आमच्या अकोल्यात त्यासाठी वातानुकूलित खोली लागते, म्हणजे भांडवलदार लागतो. म्हैसूरच्या वाटेला न कुजवलेला पेंढा चालतो, साधी खोली चालते, वीस ते तीस अंश चालतात. गरीब मुलुखाची वाट ही दुसरी.

पण म्हैसूरकडं भाताचा पेंढा, आणि आमच्याकडं भातच नाही! मग वऱ्हाडात कशावर? इथंच आपल्या विद्यापीठांचं, कृषी विज्ञान केंद्रांचं आणि मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं काम येतं. ही मुंबईची संस्था म्हणजे १९२४ ची ती माटुंग्याची प्रयोगशाळाच, नाव बदललेली. धागा तपासायला जन्मलेल्या संस्थेनं पुढं पऱ्हाटीचे तक्ते केले आणि पऱ्हाटीवर धिंगरी वाढवण्याची रीतही बसवली. इंदूरला खताच्या ढिगात गेलेली पऱ्हाटी अशी इकडून पुन्हा वर आली. दोन्हीकडचा पहिला पैसा मात्र त्याच गाठींवरच्या कराचा. म्हणजे आपण आधीच पैसे भरलेल्या ज्ञानाकडं इतकी वर्षं पाठ करून बसलो होतो.

हे घडतं कसं, ते साध्या शब्दांत सांगतो. काडीमध्ये मुख्यतः तीन गोष्टी : सेल्युलोज, त्याचा भाऊ हेमिसेल्युलोज, आणि त्यांना चिकटवून कडक करणारं लिग्निन. गाय सेल्युलोज पचवते, पण लिग्निनपुढं हरते. धिंगरी लिग्निनही फोडते. तिच्या जातभाईंना ‘पांढरी कूज’ करणाऱ्या बुरशी म्हणतात, कारण लाकडातलं तपकिरी लिग्निन गेलं की पांढरट तंतू मागं राहतात. म्हणून गुरांनी नाकारलेलं जेवण तिला चालतं.

रीत अशी. कुटार किंवा बारीक केलेली काडी, दोन ते पाच सेंटिमीटरची, रात्रभर पाण्यात भिजवायची. मग ऐंशी अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायची, म्हणजे तिच्यातल्या दुसऱ्या बुरशी मरतात. पुष्कळ ठिकाणी याऐवजी फॉर्मॅलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवतात, सरपण वाचतं म्हणून. मी स्वतः गरम पाण्याच्या बाजूचा आहे, कारण शेवटी हे पोटात जायचं आहे. नंतर निथळायचं, इतकं की मूठ आवळली तर थेंब पडू नये पण हात ओला व्हावा. प्लास्टिकच्या पिशवीत थर देत, ओल्या वजनाच्या दोन टक्के बियाणं घालायचं, तोंड बांधायचं, भोकं पाडायची, अंधाऱ्या खोलीत टांगायची. पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून दुधासारखी पांढरी होते. मग पिशवी फाडून काढायची, उजेड-हवा द्यायची, पाणी शिंपडत खोलीत ऐंशी-पंच्याऐंशी टक्के ओलावा राखायचा. आठवडाभरात पहिली काढणी, मग थोड्या थोड्या दिवसांनी दुसरी, तिसरी. एक किलो कोरड्या कुटारातून साधारण सहाशे-सातशे ग्रॅम ताजी धिंगरी धरावी. चांगल्या हातात ती किलोच्या आसपास जाते. पण त्यात नव्वद टक्के पाणीच असतं. दहा किलो वाळवली की एक किलो उरते, हेही हिशोबात धरा.

आता कशावर वाढवायची? इथं मी श्रोत्यांची माफी मागून थोडा नीतिशास्त्रात शिरतो. गव्हांड्यावर धिंगरी उत्तम येते. पण गव्हांडा गुरं खातात. दुष्काळी वर्षी त्याच्यासाठी शेतकरी मैलोगणती हिंडतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसांबरोबर गुरंही चाऱ्यावाचून पटापट मेली, ती आठवण आमच्या आजीपर्यंत ताजी होती. तेव्हा गाईच्या तोंडचा घास काढून तिला ‘स्वस्त माध्यम’ म्हणणं मला पटत नाही. ज्वारीच्या कडब्याचंही तेच, त्यातून तो आता राहिलाय कुठं? १९८०-९० नंतर सोयाबीन आलं आणि ज्वारी मागं हटत गेली. मात्र सोयाबीनचं कुटार गुरं आवडीनं खात नाहीत, आणि प्रयोगांत ते गव्हांड्याच्या बरोबरीनं, कधी वरचढही उतरलेलं आहे, कारण त्यात नत्र थोडं जास्त. तेवढीच जपणूकही जास्त, कारण ते लवकर गरम होतं आणि हिरव्या बुरशीलाही तेच आवडतं. अंजनगाव-अकोटकडं केळीचे खांब मिळतात, ते चिरून वाळवले तर मिसळायला चांगले.

राहिली पऱ्हाटी. घराघरात गॅस आला, ही चांगलीच गोष्ट झाली, आमच्या आयांचे डोळे धुरानं गेले होते. पण चुलीतून सुटलेली पऱ्हाटी बांधावर पेटवली जाऊ लागली. त्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कहर केला. पऱ्हाटी शेतात उभी राहिली तर अळी पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून ती वेळेत काढा असं कृषी खातं सांगतं. काढायची खरी, पण ठेवायची कुठं? जाळायची. तर मित्रहो, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पऱ्हाटी टाकाऊ झाली ती तिच्यात काही बिघडलं म्हणून नाही. तिच्याभोवतीचं जग बदललं, तिची नाती तुटली. टाकाऊपणा हा वस्तूचा गुण नाही, तो तुटलेला संबंध आहे.

धिंगरी हा एक नवा संबंध. पण त्यातही सावध राहायला हवं. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतमजूर दगावले. ज्या पिकावर एवढं विष पडतं, त्याची काडी जेवणासाठी वापरताना आधी तपासणी हवी, किंवा निदान कमी फवारलेल्या शेतातली काडी हवी. आणि ती बारीक करायला यंत्र हवं, बैलगाडीची चाकं आता राहिली नाहीत.

आता माझी फजिती सांगतो. निवृत्तीनंतर अमरावतीच्या घरात मागच्या खोलीत मी आठ पिशव्या टांगल्या. पुस्तक वाचून केलं होतं. दहाव्या दिवशी आठांपैकी सहा हिरव्यागार. बियाणं जुनं निघालं, आणि माझं कुटार जास्त ओलं होतं. बायको म्हणाली, “कांटच्या पुस्तकावर बुरशी आली होती तीच आता पिशवीत आली.” दुसऱ्या वर्षी, पोळ्यानंतर, पुन्हा केलं, तेव्हा पाच पिशव्या साधल्या. उन्हाळ्यात मात्र प्रयत्नही केला नाही. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा आणि कोरडी हवा, यात पाणी शिंपडायलाच माणूस बसवावा लागेल. आपल्या सपाटीवर हिचा हंगाम पावसाळ्यापासून माघ-फाल्गुनापर्यंत. चिखलदऱ्यासारख्या अकराशे मीटर उंचीवर थोडा लांबतो.

माझं नुकसान काही शे रुपयांचं होतं, गोष्ट विनोदात गेली. सगळ्यांचं तसं होत नाही. याच भागातल्या एका गावात मी व्याख्यानाला गेलो होतो. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी कर्ज काढून दोनशे पिशव्या केल्या होत्या. बियाणं देणाऱ्यानंच माल परत विकत घेण्याचा शब्द दिला होता. माल आला, घेणारा आला नाही, नंतर फोनही लागेना. ताजी धिंगरी दीड-दोन दिवसांत मऊ पडते. त्यांनी ती पत्र्यावर वाळवली. पोतंभर वाळलेली धिंगरी घेऊन त्या मला विचारत होत्या, सर, अमरावतीत कोणी घेईल का? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला कोण विचारतं बाजारात! मी खाली मान घालून बसलो. तेव्हा त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, “सर, कोणी घेत नाही म्हन्ता, मंग आपुनच काऊन नाही खात?” दुसरी म्हणाली, “हे त कुत्र्याची छत्री हाय, मानूस खाते का?” सगळ्या हसल्या. दोनशे पिशव्या पिकवून त्यातल्या एकीनंही ती तोंडात घातली नव्हती!

त्या दुपारी तिथंच ती भिजवून, कांदा-तिखट-शेंगदाण्याचा कूट घालून रश्शात टाकली. भाकरीबरोबर खाल्ली. म्हातारी म्हणाली, “बरं लागते, मटनावानी.” पुढं त्यांनी कर्ज कसंबसं फेडलं. नंतर आठ-दहा पिशव्यांच्या वर कोणी गेलं नाही, पण त्या आठ-दहा त्या स्वतःच्या घरासाठी आणि गावातल्या बाजारासाठी करतात. वाळलेल्या धिंगरीत पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त प्रथिनं असतात. ज्या घरात डाळ पातळ होत चाललीय, तिथं हे थोडं नाही.

२००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी, त्यात आपले अकोला-अमरावती दोन्ही, ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात मी ‘जोडधंदा’ हा शब्द इतक्या वेळा ऐकला की त्याचा अर्थच झिजून गेला. कोणी गाय द्या म्हणे, कोणी कोंबडी, कोणी अळिंबी. मी अळिंबीला वाईट म्हणत नाही, आजचं सगळं बोलणं तिच्या बाजूचंच आहे. पण कापसाच्या भावाचा प्रश्न धिंगरीनं सुटणार नाही, आणि तो सुटेल असं सांगणारा माणूस बहुधा बियाणं विकत असतो. ‘कमी खर्चाचं’ असं म्हणताना खर्च कोणाचा मोजला नाही ते विचारा. पाणी कोणी आणलं? रात्री उठून खोली कोणी पाहिली? पिशव्या कोणी भरल्या? बहुतेक वेळा ती बाईच असते, आणि हिशोबाच्या वहीत तिची मजुरी शून्य लिहिलेली असते. माध्यम स्वस्त दिसतं, कारण श्रम फुकट धरलेले असतात.

शेवटाकडं येतो. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं. तिळात तेल असतं म्हणून घाण्यातून तेल निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्यानं उत्पन्न होतं, घट मातीत आधी नव्हता. वर्गात मी दोन्ही बाजू शिकवायचो आणि घंटा वाजायची. आज कुटाराची पिशवी पाहताना मला वाटतं, इथं दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. अन्न कुटारात होतंच, वाळूवर धिंगरी येत नाही. पण ती आपोआपही आली नाही. शंभर वर्षं आपण ते अन्न जाळत होतो. झकिया बानोंचं काम, वाडांची चेचलेली पऱ्हाटी, त्या म्हातारीचा ‘काऊन नाही खात’, एवढी निमित्तं जुळावी लागली.

आणि धिंगरी संपल्यावर पिशवीत जे उरतं, ते फेकू नका. बुरशीनं मऊ केलेली ती काडी शेतात कंपोस्ट म्हणून घाला. जी पऱ्हाटी इंदूरच्या रस्त्यावर चेचावी लागत होती, ती आता तशीच कुजते. गाठी गेल्या, सरकी गेली, निदान एवढं तरी वऱ्हाडच्या मातीत परत जाऊ द्या.

दहा पिशव्यांपासून सुरुवात करा, पहिली काढणी स्वतः खा, आणि मग विकायचं बघा. एवढंच सांगायला मी एवढा मोठा इतिहास सांगितला.